डावा की उजवा?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. आजचा विषय कळला की आमच्या नणंदबाई म्हणणारच, "वहिनींना अमेरिकेची हवा लागली हो!" कारण आज मी लिहिणार आहे चक्क गोल्फबद्दल. जिने आयुष्यात सागरगोटे आणि फार तर कॅरम यापलीकडे काही खेळलं नाही, पुण्यात येरवड्याच्या गोल्फ क्लब चौकातून शंभरदा बसने गेली तरी आत काय चालतं हे जिला कधी विचारावंसंही वाटलं नाही, तिने या विषयावर लिहावं म्हणजे जरा अतीच झालं. पण एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आहे. कुठल्याही गोष्टीचं मूळ शोधल्याशिवाय चैन पडत नाही, ही खोड काही निवृत्तीबरोबर गेली नाही.

तर झालं असं. आम्ही दोघं चिरंजीवांकडे गेलो होतो. तो न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला, तासाभराच्या आत राहतो. वय पन्नाशीला आलेलं, काम सगळं बसून, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेलं. नुसतं चालायचा कंटाळा, म्हणून ऑफिसातल्या एका मित्राच्या नादाने रविवारी सकाळी गोल्फला जायला लागला. एके दिवशी भांडी आवरताना सूनबाई हळूच म्हणाली, "आई, अजून मित्राच्याच जुन्या स्टिक घेऊन खेळतो तो. स्वतःसाठी घ्यायला हात पुढे होत नाही. मुलांच्या कॉलेजचा खर्च दिसतो ना समोर." मी तिथल्या तिथे ठरवलं, पन्नासाव्या वाढदिवसाला आपण त्याला गोल्फच्या काठ्या द्यायच्या. माझ्या पेन्शनमधून. आणि त्याला आधी काही कळू द्यायचं नाही.

हे सगळं एवढ्या तडकाफडकी ठरवण्यामागे एक जुनं देणं होतं. जवळच्यांना ते माहीत आहे, बाकीच्यांना आज सांगते.

१९९१ ची दिवाळी. चिरंजीव दहावीत. पुढच्या मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा आणि नेमका त्याच सुमारास ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये क्रिकेटचा विश्वचषक. पोरगा शाळेतून आला की दप्तर टाकून मैदानावर. सहामाहीत गणितात मार्क घसरले. मी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी त्याची बॅट लोखंडी कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली. "परीक्षा संपली की देईन," म्हणाले. त्याने वाद घातला नाही. फक्त त्यानंतर दोन-तीन महिने घरात मला 'आई' न म्हणता 'बाई' म्हणायचा, शाळेतली मुलं म्हणायची तसं. मार्क चांगले पडले. परीक्षा संपल्यावर त्याने बॅट मागितली नाही आणि मीही काढून दिली नाही. मग अकरावी, बारावी, इंजिनिअरिंग. पुढे कधीतरी कपाट आवरताना ती बॅट एका भाच्याला देऊन टाकली. इतकीच गोष्ट. पण काही गोष्टी इतक्याच असूनही बोचत राहतात.

असो. तर काठ्या घ्यायच्या म्हणजे आधी त्या काय असतात ते समजून घ्यायला हवं. गावातल्या सार्वजनिक वाचनालयातून नातवाने मला चार-पाच पुस्तकं आणून दिली. शब्दकोश जवळ घेऊन रोज दुपारी वाचायला बसायची. आणि दुसऱ्याच दिवशी एका राजाने माझी चांगलीच जिरवली.

गोल्फचं माहेर स्कॉटलंड. या खेळाचा तिथला सगळ्यांत जुना लेखी उल्लेख कशाचा असावा? बंदीचा! १४५७ साली, दुसऱ्या जेम्स राजाच्या काळात, तिथल्या संसदेने फर्मान काढलं की गोल्फ आणि फुटबॉल पूर्ण बंद. कारण काय, तर इंग्लंडशी लढाया चालू आणि तरुण मंडळी धनुष्यबाणाचा सराव सोडून चेंडूमागे धावतात. लोकांनी अर्थातच ऐकलं नाही, कारण १४७१ मध्ये पुन्हा बंदी घालावी लागली आणि १४९१ मध्ये तिसऱ्यांदा. ही तिसरी बंदी चौथ्या जेम्सच्या काळातली. तेव्हा तो स्वतःच जेमतेम अठरा वर्षांचा होता.

आणि आता पुढचं ऐका. १५०२ साली इंग्लंडशी तह झाला. 'शाश्वत शांततेचा तह' असं त्याचं भारदस्त नाव. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात राजाच्या खजिन्याच्या हिशेबवहीत एक नोंद सापडते. पर्थ गावच्या धनुष्यं बनवणाऱ्या कारागिराला काठ्यांसाठी १४ शिलिंग दिले! गोल्फच्या काठ्या विकत घेतल्याची ही सगळ्यांत जुनी नोंद मानतात. म्हणजे ज्या धनुष्यासाठी खेळ बंद केला, त्याच धनुष्यं करणाऱ्याकडून राजाने खेळाच्या काठ्या घेतल्या.

पुस्तक मिटून मी बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. बंदी घालायची आणि अकरा वर्षांनी स्वतःच काठ्या विकत घ्यायच्या. राजाला अकरा वर्षं लागली. मला चौतीसच्या आसपास.

धनुष्यकाराकडेच का, याचं उत्तर सोपं आहे. वाकेल पण मोडणार नाही असं लाकूड कुठलं, ते कधी तोडायचं, किती सुकवायचं, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार? १६०३ साली स्कॉटलंडचा सहावा जेम्स इंग्लंडचाही राजा झाला, त्या वर्षी त्याने एडिंबराच्या विल्यम मेन नावाच्या धनुष्यकाराची आपला काठ्या करणारा म्हणून रीतसर नेमणूक केली. बाण, धनुष्य, भाले आणि गोल्फच्या काठ्या, सगळं एकाच माणसाकडे! खेळणाऱ्याच्या मापाने काठी करून घेणं ही आजच्या दुकानदारांनी काढलेली टूम नाही, हे यावरून लक्षात आलं.

पुढे कितीतरी काळ या काठ्या पूर्णपणे सुताराच्या हातच्या होत्या. दांडा अ‍ॅश किंवा हेझलच्या लाकडाचा, डोकं सफरचंद, नासपती किंवा बीचच्या लाकडाचं. दोन्ही तिरके तासून एकमेकांना चिकटवायचे आणि वरून डांबर लावलेली दोरी घट्ट गुंडाळायची. चेंडू म्हणजे चामड्याच्या पिशवीत ठासून भरलेली पिसं. १८४८ च्या सुमाराला गटापर्चाचे, म्हणजे एका झाडाच्या चिकाचे कडक चेंडू आले. ते स्वस्त होते, पण लागले की लांब निमुळत्या लाकडी डोक्यांना तडे जायला लागले. मग डोकी आखूड आणि जाड झाली, लोखंडी काठ्या वाढल्या. दांड्यांसाठी अमेरिकेतून हिकरीचं चिवट लाकूड येऊ लागलं. चेंडू बदलला तशी काठी बदलली. इतिहासात असंच असतं, एक खुंटी हलली की सगळा मांडव हलतो.

आता मला ज्या गोष्टीने खरा आधार दिला ती सांगते. ती घडली चिरंजीवांच्या घरापासून फार लांब नाही अशा याँकर्स गावात, हडसन नदीच्या काठी. आणि ती आहे नवशिक्या मित्रासाठी आणलेल्या गोल्फच्या काठ्यांचीच!

रॉबर्ट लॉकहार्ट हा न्यूयॉर्कमधला लिननच्या कापडाचा व्यापारी. मूळचा स्कॉटलंडमधल्या डनफर्मलिनचा. त्याचा मित्र जॉन रीडही त्याच गावचा. तो लोखंडाच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होता आणि याँकर्सला राहत होता. दोघंही गाव सोडून सातासमुद्रापलीकडे आलेले. १८८७ साली लॉकहार्ट व्यापारानिमित्त तिकडे गेला, तेव्हा सेंट अँड्र्यूज गावात टॉम मॉरिसच्या दुकानात शिरला. हा टॉम मॉरिस म्हणजे गोल्फमधला भीष्माचार्यच. ब्रिटिश ओपन चार वेळा जिंकलेला, मैदानाची निगा राखणारा आणि काठ्या-चेंडू करणारा कारागीरही. लॉकहार्टने त्याच्याकडून सहा काठ्या आणि दोन डझन चेंडू मागवले. तीन लाकडी काठ्या, दोन लोखंडी आणि एक पटर, म्हणजे चेंडू हलकेच खळग्यात ढकलायची काठी. झालं. फक्त सहा.

काठ्या न्यूयॉर्कला पोचल्यावर लॉकहार्टने आधी नदीकाठच्या मोकळ्या जागेत त्या मारून पाहिल्या. त्याची एक मजेदार आठवण सांगतात. घोड्यावरचा एक पोलीस बघत उभा होता. त्याने विचारलं, मीही एक मारून बघू का? पहिलाच फटका असा बसला की चेंडू लॉकहार्टच्याही पुढे गेला. पोलीस खूश. मग पुन्हा मारायला गेला तर काठी नुसतीच हवेत फिरली. पुन्हा मारली, पुन्हा हवेत. नवशिक्याची पाटी सगळीकडे सारखीच!

२२ फेब्रुवारी १८८८, वॉशिंग्टनच्या जयंतीची सुट्टी. रीडच्या घरासमोर गाईंचं कुरण होतं. तिथे त्याने आणि जॉन अपहॅम नावाच्या मित्राने तीन खळगे करून खेळायला सुरुवात केली. काठ्यांचा संच एकच, म्हणून खेळले दोघंच, बाकीचे मित्र उभे राहून बघत होते. बघूनच सगळ्यांना गोडी लागली आणि आणखी काठ्या मागवायचं ठरलं. मार्चमध्ये प्रचंड हिमवादळ आलं, खेळ थांबला. बर्फ वितळल्यावर खाटकाचा धंदा करणाऱ्या एका शेजाऱ्याच्या मोठ्या कुरणात त्यांनी बस्तान हलवलं. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला रीडच्या घरी जेवायला जमले असताना त्यांनी 'सेंट अँड्र्यूज गोल्फ क्लब' स्थापन केला. अमेरिकेत गोल्फ त्याआधीही येऊन गेलं होतं, पण ते टिकलं नव्हतं. सलग चालत आलेला तिथला सगळ्यांत जुना गोल्फ क्लब हाच मानतात. (आपल्या कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ चा, म्हणजे याच्याही एकोणसाठ वर्षं आधीचा, हे मी नातवाला आवर्जून सांगितलं.)

१८९२ मध्ये ही मंडळी सफरचंदाच्या बागेत खेळायला गेली. झाडाला कोट अडकवायचे आणि खेळायचे, म्हणून लोक त्यांना 'सफरचंदाच्या झाडाची टोळी' म्हणायला लागले. पुढे डनफर्मलिनचाच आणखी एक सुपुत्र, पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी, या क्लबाचा सभासद झाला. आणि १८९४ साली अमेरिकेची राष्ट्रीय गोल्फ संघटना ज्या पाच क्लबांनी मिळून काढली, त्यांतला हा एक. इंग्रजीत क्लब म्हणजे काठीही आणि मंडळही. इथे काठीतूनच मंडळ उभं राहिलं म्हणायचं.

मला यात भावलं ते वेगळंच. लॉकहार्टने मित्राला सगळं दुकान आणून दिलं नाही. सुरुवात करता येईल एवढंच दिलं.

पण आज दुकानात जाल तर चौदा काठ्यांची भरगच्च पिशवी पुढे करतात. ही चौदाची भानगड कुठून आली? तर दांड्यातून. हिकरीचा प्रत्येक दांडा वेगळा, कुणी जास्त वाकणार, कुणी कमी. खेळाडू एकेक काठी पारखून जमवायचा आणि त्यांना नावंही छान असायची, मॅशी, निब्लिक, स्पून, ब्रॅसी. अमेरिकेच्या संघटनेने १९२४ मध्ये आणि सेंट अँड्र्यूजच्या संस्थेने १९२९ मध्ये पोलादी दांडा मान्य केला. पोलाद म्हटलं की साच्यातून काढल्यासारखे सगळे सारखे. मग नावं गेली आणि आकडे आले. आकडे आले तशी हाव वाढली. काहीजण वीस-पंचवीस काठ्या पिशवीत भरून फिरायला लागले. अखेर अमेरिकेत १९३८ पासून नियम झाला, चौदाच्या वर नाही. म्हणजे बघा, चौदा हा आकडा हव्यासाला घातलेला बांध आहे. चौदा असल्याच पाहिजेत असं कुणी कधीच म्हटलेलं नाही!

आता या सगळ्या वाचनातला माझा सगळ्यांत आवडता माणूस. कार्स्टन सोल्हाइम. जन्म नॉर्वेतला, १९११ चा. लहानपणी अमेरिकेत आला, आधी चपला-बूट दुरुस्त करायचा, पुढे शिकून जनरल इलेक्ट्रिक कंपनीत इंजिनिअर झाला. सहकाऱ्यांच्या आग्रहाने गोल्फ खेळायला लागला तेव्हा वय बेचाळीस. आमच्या चिरंजीवांसारखाच उशिरा आलेला विद्यार्थी. चेंडू खळग्यात ढकलताना त्याचा नेम चुकायचा. दुसरा कुणी असता तर नशिबाला बोल लावला असता. हा काठीला बोल लावून मोकळा झाला! १९५९ मध्ये घराच्या गॅरेजमध्ये त्याने वेगळाच पटर तयार केला. चेंडूला लागला की 'पिंग' असा आवाज यायचा, म्हणून त्याचं नावच पिंग.

त्याची युक्ती मला जशी समजली तशी सांगते. जुन्या लोखंडी काठीचं पातं म्हणजे एक सपाट पट्टी, वजन बरंचसं मधोमध. चेंडू बरोबर मध्यावर लागला तर उत्तम. अर्धा इंच इकडेतिकडे लागला की पातं हातात फिरायचं, बोटांना झिणझिण्या यायच्या आणि चेंडू भलतीकडे. सोल्हाइमने मधलं वजन काढून कडांना नेलं. डोंबाऱ्याच्या खेळात दोरीवर चालणारी मुलगी हातात लांब आडवी काठी धरते ना? वजन दोन टोकांना गेलं की अंग सहज कलंडत नाही. तेच तत्त्व. मग त्याने लोखंडी काठ्याही तशाच केल्या, पाठीमागून पोकळ, कडेने जाड. आता चेंडू जरा बाजूला लागला तरी पातं फारसं फिरत नाही. आज नवशिक्यांसाठी ज्या काठ्या मिळतात त्या बहुतेक याच पद्धतीच्या.

दुकानातल्या माणसाने मला हे दाखवण्यासाठी एक काठी उलटी केली आणि पाठीमागच्या खोलगट भागावर बोट ठेवलं. मला एकदम आपला शब्द सुचला. चूक पोटात घालणारी काठी! आणि खरं सांगते, दुकानात उभ्या उभ्या मला कसंतरी झालं. एकतीस वर्षांत किती मुलांच्या चुका लाल शाईने अधोरेखित केल्या आणि किती पोटात घातल्या, याचा हिशेब कुणी ठेवला असता तर? शाळेतल्या मुलांचं एक वेळ सोडा. घरातल्याचं काय?

हो, दुकानात गेलो ते सांगायचंच राहिलं. एका शनिवारी आम्ही दोघं आणि सूनबाई गुपचूप गेलो. तो विक्रेता सत्तरीच्या घरातला, पांढऱ्या केसांचा, मोठा सोशिक. मी कागदावर प्रश्न लिहून नेले होते, सूनबाई दुभाष्या. त्याने सांगितलं ते थोडक्यात असं. काठीवरचा आकडा लहान तेवढा दांडा लांब आणि पातं सरळ, चेंडू लांब आणि खालून जाणार. आकडा मोठा तेवढा दांडा आखूड, पातं मागे कललेलं, चेंडू उंच आणि जवळ पडणार. नवशिक्याला सगळ्यांत अवघड ती सगळ्यांत लांब काठी, ड्रायव्हर. ती पहिल्या दिवसापासून हवीच असं नाही. सात-आठ काठ्या पुष्कळ झाल्या. एक-दोन हायब्रिड, म्हणजे लाकडी घराण्याचं गुबगुबीत डोकं आणि लोखंडी घराण्याची लांबी असलेल्या, सात आणि नऊ नंबरच्या लोखंडी, जवळच्या उंच फटक्यासाठी पिचिंग वेज, वाळूतून चेंडू काढायची सँड वेज, आणि पटर. (ही वाळूची काठी जीन साराझेन या खेळाडूमुळे रूढ झाली. तळ जाड केला की काठी वाळूत रुतत नाही, हे त्याने ताडलं आणि १९३२ ची ब्रिटिश ओपन ती घेऊन जिंकली.) दांडा पोलादी की हलका ग्राफाइटचा, किती लवचिक, हे काठी किती जोरात फिरते त्यावर. जितकी सावकाश फिरवणार तितका दांडा मऊ. लांबीसाठी उंची आणि मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर लागतं. तेवढं सूनबाईने झोपेत असताना मोजता आलं तर बघते म्हणून हसून टाकलं.

हे सगळं मी टिपून घेत होते. मग त्याने अगदी साधा प्रश्न विचारला. सूनबाईने भाषांतर केलं.

"आई, ते विचारतायत, डावा की उजवा?"

"उजवा," मी लगेच म्हणाले. उजव्या हाताने लिहितो, उजव्या हाताने जेवतो. यात विचारायचं काय?

तो म्हणाला, लिहिण्याचं नव्हे हो, खेळण्याचं. आणि मला उत्तर येईना. मी सूनबाईकडे बघितलं. तिने खांदे उडवले, ती कधी मैदानावर गेली नव्हती. खरं तर मीही कधी गेले नव्हते. इतकी वर्षं तो खेळला, आणि मी त्याला बॅट हातात धरून उभा असलेला एकदाही नीट पाहिला नव्हता. बॅट कपाटात ठेवताना तेवढी हातात घेतली होती.

मागे खुर्चीवर बसलेले हे शांतपणे म्हणाले, "डावखुरा खेळायचा तो. फलंदाजी डाव्या हाताने. मी यायचो ना ऑफिसातून, मैदानाच्या कडेला सायकल लावून बघायचो थोडा वेळ."

हे मला चौतीस वर्षांत पहिल्यांदा कळलं.

विक्रेता म्हणाला, उजव्या हाताने लिहिणारे आणि डावे खेळणारे पुष्कळ असतात. फिल मिकलसनसारखा खेळाडू बाकी सगळं उजव्या हाताने करतो, पण लहानपणी वडिलांच्या समोर उभा राहून आरशात बघितल्यासारखा शिकला, म्हणून गोल्फ तेवढं डाव्या हाताने खेळतो. पण क्रिकेट डावखुरं म्हणून गोल्फही तसंच असेल, असं धरून चालू नका, हेही त्याने बजावलं. डाव्या काठ्या मुळात कमी मिळतात. चुकीची घेऊन गेलात तर ती भेट कोपऱ्यात पडून राहील. त्यालाच घेऊन या.

आश्चर्याचा धक्का वगैरे बाजूला ठेवून त्याच रात्री जेवताना मी सरळ विचारलं. "तू गोल्फ डावा खेळतोस की उजवा?"

तो घास घेता घेता थांबला. म्हणाला, "खेळायचं डावं आहे ग. पण मित्राच्या स्टिक उजव्या. मैदानावर भाड्याने मिळतात त्यांतला डावा संच कधी हाती लागतच नाही. म्हणून उजवा मारतो. नाही जमत फारसं." मग जरा वेळाने, "पण तू का विचारतेयस, आई?"

पुढच्या शनिवारी त्याला घेऊन गेलो. त्याने जाळीत तासभर चेंडू मारले, दुकानदाराने मापं घेतली आणि सात डाव्या काठ्या आणि एक हलकी पिशवी घेतली. चौदा नाहीत. पैसे मी दिले. तो नको नको म्हणत होता, मी म्हटलं, "दिवाळीचं राहिलं होतं." त्याला कळलं. काही बोलला नाही.

तेव्हा कुणाला गोल्फच्या काठ्या भेट द्यायच्या असतील तर या म्हातारीचा सल्ला एवढाच. थोड्या द्या. चूक पोटात घालणाऱ्या द्या. माप घेऊन द्या. आणि त्याआधी, तो माणूस कुठल्या हाताने खेळतो ते विचारा. आपल्याच घरातला असला तरी विचारा.

परत निघायच्या आधीच्या रविवारी आम्ही दोघं त्याच्याबरोबर गेलो. व्हॅन कोर्टलंड पार्कमधलं मैदान, याँकर्सला लागूनच. १८९५ मध्ये सुरू झालेलं अमेरिकेतलं पहिलं सार्वजनिक गोल्फ मैदान. कुणीही यावं, पैसे भरावेत आणि खेळावं. आम्हाला आत फार पुढे जाता येणार नव्हतं, सुरुवातीच्या जागेजवळ उभे राहिलो. तो डावा उभा राहिला. काठी मागे नेली आणि फिरवली. चेंडू जागचा हललाच नाही. मला तो घोड्यावरचा पोलीस आठवला. "नीट बघून मार," हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. मी ते गिळले.

दुसरा फटका लागला. जरा बाजूला लागला असावा, कारण चेंडू उजवीकडे झुकत गेला. पण गेला, चांगला लांब गेला. त्याने मागे वळून पाहिलं. हे टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या.

असो. फार लांबलं. नणंदबाई, आता म्हणा काय म्हणायचं ते!